बालीत हॉटेल निवडताना आधी गाव निवडा

परवा तासगावहून एक जोडपं घरी आलं. लग्नाला जेमतेम दोन महिने झालेले, घरची द्राक्षबाग, एप्रिलची खरड छाटणी उरकली की बालीला जायचं ठरलेलं. मुलीने मोबाइल माझ्यापुढे धरला. निळ्याशार पाण्यावर वेताची टोपली तरंगतेय आणि टोपलीत फळं, ऑम्लेट, कॉफी. "काकू, हे हॉटेल घेऊ का? रात्रीचे पस्तीस हजार म्हणतायत."

मी विचारलं, "हे आहे कुठल्या गावात?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. "बालीत."

बाली बेट आपल्या सांगली जिल्ह्यापेक्षाही लहान आहे. पण म्हणून जत आणि शिराळा एक होत नाहीत, तसंच तिथलंही आहे. दक्षिणेचा किनारा वेगळा, मधली भातशेती वेगळी, पूर्वेचा डोंगर वेगळा, उत्तरेचे लवंगांचे मळे वेगळे. मी बावीस वर्षं सांगलीत भूगोल शिकवला. निवृत्तीनंतर आठ-दहा जणांना सोबत घेऊन नऊ वेळा बालीला जाऊन आले. येणारा प्रत्येक जण मला हॉटेलचं विचारतो, गावाचं कुणीच विचारत नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते. ज्यांना दोन पैसे जास्त खर्चून चांगल्या छोट्या हॉटेलात राहायचंय आणि घरी येताना बालीही थोडी कळलेली असावी असं वाटतं, त्यांच्यासाठी.

माझी पहिली खेप वाया गेली होती, ती आधी सांगते. एका एजंटाने दक्षिण किनाऱ्यावरच्या मोठ्या कुंपणाआडच्या रिसॉर्टात आम्हाला पाच रात्री ठेवलं. खोली उत्तम होती, समुद्र समोर होता. तिसऱ्या रात्री 'सांस्कृतिक संध्या' झाली. जेवणाच्या टेबलांमधून चार मुली नाचत आल्या, गामेलानचं, म्हणजे तिथल्या झांजा-घंटांच्या वाद्यवृंदाचं संगीत स्पीकरवर, लोक प्लेट घेऊन त्यांच्यामधूनच ये-जा करत होते. पंधरा मिनिटांत संपलं. मी सांगलीची बाई. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटक जिथे उभं केलं, त्या गावची. नाचणाऱ्या पोरींकडे कुणी बघतसुद्धा नाही, हे मला बघवेना.

शेवटच्या दिवशी विमानतळाकडे जाताना ड्रायव्हर म्हणाला, "विमानाला वेळ आहे. आज आमच्या देवळाचा ओदालान आहे. दहा मिनिटं थांबायचं का?" ओदालान म्हणजे देवळाचा वर्धापन दिन. त्या दहा मिनिटांचे दोन तास झाले. बायका डोक्यावर फळांचे हातभर उंच मनोरे घेऊन येत होत्या. मंडपात गावातलेच वीस-पंचवीस पुरुष गामेलान वाजवत होते, त्यात ड्रायव्हरचा चुलतभाऊ होता, जो एरवी वायरमनचं काम करतो. कोपऱ्यात एक आजी आठ-नऊ वर्षांच्या नातीचे डोळे रंगवत बसली होती. नंतर ती पोर नाचली. रिसॉर्टात बघितला तोच नाच. पण इथे तो देवापुढे होता, आणि पोरीचं एक पाऊल चुकलं तेव्हा आजीने तिथूनच मान हलवून ते दुरुस्त केलं. मला तिथून उठवेना. पाच रात्रींचे पैसे मी चुकीच्या ठिकाणी दिले होते, ते त्या दिवशी कळलं.

गाव कसं निवडायचं

एकच नियम सांगते. हॉटेलच्या फाटकातून चालत बाहेर पडल्यावर दहा मिनिटांत देऊळ, शेत आणि शाळा यांपैकी दोन गोष्टी लागल्या पाहिजेत. लागत नसतील तर हॉटेल कितीही सुंदर असो, तुम्ही फोटोत राहताय.

सेमिन्याक आणि चांगूला तरुण मंडळी जातात. दुकानं, कॅफे, आणि रस्त्यावर तासन्‌तास हलत नाही अशी वाहनं. नुसा दुआला मोठी रिसॉर्टं कुंपणाच्या आत. ज्यांना फक्त विश्रांती हवी त्यांनी तिथे जरूर जावं, पण मग संस्कृतीची अपेक्षा ठेवू नये. सानुर मला आवडतं. तिथला समुद्र शांत आहे, पहाटे किनाऱ्यालगतच्या पायवाटेवर तिथलीच म्हातारी माणसं फिरायला येतात. छोट्या देखण्या हॉटेलांची बालीतली सुरुवातही सानुरलाच झाली. तांजुंग सारी हे हॉटेल १९६२ मध्ये चार बंगल्यांवर सुरू झालं, ते अजून चालू आहे.

उबुद सगळ्यांना माहीत असतं. मध्यवर्ती उबुदात आता गर्दी फार. पण चार-पाच किलोमीटर बाहेर पडलं की लगेच शेतं लागतात. दोन जुन्या जागा तिथे बघण्यासारख्या आहेत. एक च्याम्पुहान. वॉल्टर स्पीज हा जर्मन चित्रकार १९३० च्या आसपास जिथे राहायचा, तिथे आज हॉटेल आहे. दुसरी अमनदारी, १९८९ ची, आयुंग नदीच्या कड्यावर. ते बांधताना आराखडाच बालीतल्या खेड्याचा घेतला. दगडी पाऊलवाटा, दोन्ही बाजूंना भिंती, प्रत्येक खोलीला घरासारखं फाटक. तिथे राहणं आपल्यापैकी बहुतेकांना परवडणार नाही, मलाही नाही. पण एकदा दुपारचा चहा घ्यायला जावं. चांगलं हॉटेल गावासारखं कसं बांधतात ते डोळ्यांनी बघितलं, की मग स्वस्तातल्या हॉटेलांतही खरं कुठलं आणि नुसता देखावा कुठला, ते ओळखता येतं.

माझं आवडतं गाव मात्र सिदेमेन. पूर्वेला, आगुंग डोंगराच्या पायथ्याशी, भातशेतीची खोल दरी आणि घराघरांत हातमाग. थंड हवा आवडणाऱ्यांनी उत्तरेला मुंडुकला जावं. तिथे हंगामात रस्त्याच्या कडेला चटईवर लवंग वाळत घातलेली असते आणि अख्ख्या गावाला तिचा वास असतो.

आठ रात्री असतील तर मी तीन उबुदच्या बाहेर, तीन सिदेमेनला आणि दोन सानुरला अशा लावते. आणि पैसे सगळीकडे सारखे पसरू नका. सहा रात्री साध्या, स्वच्छ घरगुती जागेत राहा आणि दोन रात्री मन भरून खर्च करा. महागडं हॉटेल प्रवासाच्या मध्यावर ठेवा. पहिल्या रात्री माणूस दमलेला असतो आणि शेवटच्या रात्री सामान बांधत असतो.

पैसे भरण्याआधी विचारायचे प्रश्न

छोट्या हॉटेलांना व्हॉट्सअ‍ॅप असतो. साध्या इंग्रजीत विचारा, त्यांचंही इंग्रजी तेवढंच असतं. पहिला प्रश्न: तुमचं हॉटेल कुठल्या बांजारमध्ये येतं? बांजार म्हणजे वस्तीची पंचायत म्हणा किंवा आपल्या गल्लीचं मंडळ म्हणा, पण त्याहून पुष्कळ भक्कम. लग्न, अंत्यविधी, देवळाची कामं, गामेलानची तालीम, सगळं बांजार बघतं. तिथल्या घरांना त्यात असावंच लागतं. ज्या हॉटेलला आपला बांजार माहीत आहे त्याचं गावाशी नातं आहे.

दुसरा प्रश्न महत्त्वाचा: आम्ही असू त्या तारखांना गावात काही सण, ओदालान, लग्न आहे का? आम्हाला येता येईल का? उत्तराकडे नीट बघा. काही हॉटेलं तयार मजकूर पाठवतात, की आमच्याकडे मंगळवारी आणि शुक्रवारी नृत्य व रात्रीभोजन असतं. आणि काही ठिकाणची बाई लिहिते, "१४ तारखेला देवळात कार्यक्रम आहे, दुपारी चारनंतर रस्ता बंद होईल, आमची अर्धी माणसं सुट्टीवर असतील, तुम्ही या, कपडे आम्ही देऊ." हे दुसरं हॉटेल घ्यायचं. जे हॉटेल आपल्या माणसांना देवळासाठी सुट्टी देतं, तिथे तुम्हालाही पाहुण्यासारखं वागवतात.

मग विचारा, खिडकीसमोरचं शेत कुणाचं? हॉटेलच्या मालकीचं की शेजारच्या शेतकऱ्याचं? आणि आम्ही येऊ तेव्हा भात उभा असेल की कापलेला? फोटोत शेत नेहमी हिरवं असतं. कापणीनंतर तिथे धसकटं असतात किंवा नुसता चिखल. मला ते बघायलाही आवडतं, पण हिरवाई बघायला गेलेल्याची निराशा होते.

आणि शेवटी दराचं. दरापुढे 'प्लस प्लस' लिहिलेलं असेल तर त्यावर सेवाशुल्क आणि कर मिळून साधारण २१ टक्के वाढतात. दहा हजारांची खोली बारा हजार शंभरला पडते. हे आधीच विचारलं की शेवटच्या दिवशी बिलावरून तोंड कडू होत नाही.

पोचल्यावर काय बघायचं

बालीतल्या जुन्या पद्धतीच्या घराच्या किंवा हॉटेलच्या दारातून आत शिरलात की समोर आडवी भिंत लागते. तिला आलिंग-आलिंग म्हणतात. भूतपिशाच्च सरळ रेषेत चालतात, त्यांना वळता येत नाही, अशी समजूत. म्हणून तुम्ही डावीकडून किंवा उजवीकडून वळून अंगणात जायचं. आपल्या वाड्यांतही दिंडी दरवाजातून थेट माजघर दिसत नसे, ते आठवतं. अंगणाभोवती वेगवेगळे मंडप: झोपायचा, स्वयंपाकाचा, लग्नकार्याचा. आणि डोंगराकडच्या, पूर्वेच्या कोपऱ्यात घरचं देऊळ.

तिथे दिशा डोंगर आणि समुद्र यांवरून मोजतात. डोंगराकडे ते 'काजा', समुद्राकडे ते 'केलोद'. डोंगराची बाजू पवित्र. त्यामुळे उशी डोंगराकडे किंवा पूर्वेकडे असते. दक्षिण बालीत डोंगर उत्तरेला येतो. आमच्या गटातल्या एका आजींनी रात्री अकराला माझं दार वाजवलं, "अगं, यांनी उत्तरेला डोकं करून पलंग टाकलाय, आपल्यात चालत नाही." मी त्यांना काजाचं सगळं समजावलं. सकाळी त्या म्हणाल्या, "देवाकडेच डोकं आहे म्हणतेस ना, मग झोपले निवांत."

आणखी एक. बालीत इमारत १५ मीटरपेक्षा उंच बांधू देत नाहीत, म्हणजे साधारण नारळाच्या झाडाएवढी. १९६६ साली सानुरला दहा मजली हॉटेल उभं राहिलं, त्यानंतर हा नियम आला. एखादी जाहिरात 'आठव्या मजल्यावरून नजारा' म्हणत असेल तर ती नीट तपासा.

चानांग सारी

हे मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण याच्यासाठी एक पहाट राखून ठेवाच. बालीत पाऊल ठेवल्यापासून नारळाच्या झावळीच्या तळहाताएवढ्या चौकोनी ताटल्या दिसतात. त्यांत फुलं, वर धुमसती उदबत्ती. दुकानाच्या पायरीवर, गाडीच्या डॅशबोर्डवर, पुलाच्या कठड्यावर. हीच चानांग सारी. त्यावर पाय देऊ नका, ओलांडूही नका. जिची उदबत्ती जळतेय तिला तर अजिबात हात लावू नका.

सिदेमेनच्या एका बारा खोल्यांच्या हॉटेलात मी आदल्या रात्री विचारून ठेवलं होतं. पहाटे साडेपाचला स्वयंपाकघराच्या मागच्या ओसरीवर गेले. तिथे काम करणारी बाई, माझ्याच वयाची, मांडी घालून बसली होती. कोवळ्या झावळीची पिवळट पट्टी, एक बोथट सुरी आणि बांबूच्या काड्यांची जुडी. पट्टी दुमडायची आणि काडी टोचून मोडायची, म्हणजे टाचणी तयार. तिच्या पाच ताटल्या होईपर्यंत माझी एक झाली, तीही तिरकी. अंगठ्यात काडी घुसली. तिने माझा अंगठा धरून काडी काढली आणि तीच ताटली पुन्हा माझ्या हातात दिली.

मग तिने एका पानाच्या तुकड्यावर जराशी चुन्याची बोटं ओढली, सुपारीचा चुरा ठेवला, घडी घातली आणि ताटलीच्या तळाशी ठेवली. मी बघतच राहिले. पान, चुना, सुपारी. हा विडा! त्याला ते पोरोसान म्हणतात, आणि तो नसेल तर चानांग पूर्ण होत नाही. वर फुलं दिशेप्रमाणे: पूर्वेला पांढरं, दक्षिणेला लाल, पश्चिमेला पिवळं, उत्तरेला निळं किंवा हिरवं. देवाची उंचावर ठेवायची, भूतगणांची जमिनीवर. दोघांनाही द्यायचं.

तोवर आत भात झाला होता. तिने केळीच्या पानाचे रुपयाएवढे तुकडे काढले, प्रत्येकावर भाताची चिमूट आणि मीठ. एक तुकडा चुलीवर, एक पाण्याच्या पिंपावर, एक उंबऱ्यावर. घरातलं कुणी जेवायच्या आधी. माझे सासरे ताटाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालायचे. ते गेल्यापासून आमच्या घरात कुणी घालत नाही. समुद्रापलीकडच्या त्या ओसरीवर ते बघताना मला काय झालं ते लिहिता येत नाही. मी खुणांनी सांगितलं, आमच्याकडेही. तिने मान डोलावली, तिला त्यात नवल वाटलं नसावं.

हे हॉटेलच्या 'ॲक्टिव्हिटी'च्या यादीतही असतं, तासाचे पैसे घेऊन, टेबलाखुर्चीवर. तेही वाईट नाही. पण ओसरीवर बसता आलं तर तिथेच बसा, आणि पैसे द्यायचे असतील तर निघताना हातात द्या, उजव्या हाताने.

पंचांग बघून तारीख ठरवा

एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा काळ, नोव्हेंबर ते मार्च पाऊस. आपली मे महिन्याची सुट्टी उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये दर चढे.

पण मार्चचं तिकीट काढताना एक दिवस सांभाळा: न्येपी, बालीचा वर्षारंभ. बालीतही शक संवत्सर चालतं, आपलंच, शालिवाहनाचं. शक १९४७ सुरू झालं तेव्हा न्येपी २९ मार्च २०२५ ला होती आणि आपला पाडवा ३० मार्चला. २०२६ मध्ये दोन्ही १९ मार्चला. अधिक मासाची गणितं वेगळी असल्याने कधीकधी महिन्याचा फरक पडतो. २०२४ साली न्येपी ११ मार्चला होती आणि पाडवा ९ एप्रिलला. आपण नवं वर्ष गुढी उभारून, गोडधोड करून साजरं करतो. ते पूर्ण मौन पाळतात. चोवीस तास दिवे नाहीत, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही. विमानतळ बंद, मोबाइल इंटरनेट बंद. पाहुण्यांनीही हॉटेलबाहेर पडायचं नाही. रस्त्यावर फक्त पेचालांग, म्हणजे गावचे राखणदार.

मिरजेच्या एका कुटुंबाला त्यांच्या एजंटाने हे सांगितलंच नव्हतं. वेळापत्रकात चौथ्या दिवशी उलुवातूचं देऊळ लिहिलेलं आणि तो दिवस नेमका न्येपीचा. राहायला स्वयंपाकी नसलेला बंगला, सोबत दोन लहान पोरं आणि घरात बिस्किटांचे दोन पुडे. मालकिणीने भिंतीवरून भात दिला म्हणून निभावलं. न्येपीत जायचं असेल तर स्वयंपाकघर चालू ठेवणारं हॉटेल घ्या आणि आदल्या संध्याकाळी ओगोह-ओगोह बघा, बांजारच्या पोरांनी महिनाभर खपून केलेले राक्षसांचे पुतळे. गणपतीच्या मांडवातला आपल्या पोरांचा उत्साह आणि तो, दोन्ही एकच. रात्री मात्र अख्ख्या बेटावर अंधार होतो. तेव्हा अंगणात पाठ टेकून आकाश बघा. एवढ्या चांदण्या मी लहानपणी मळ्यात बघितल्या होत्या.

गलुंगान हा दुसरा मोठा सण. तो २१० दिवसांनी येतो, म्हणून दर वर्षी तारीख वेगळी. २०२६ मध्ये तो १७ जूनला आहे. त्या वेळी प्रत्येक घरापुढे पेंजोर उभा करतात: उंच बांबू, शेंडा रस्त्यावर झुकलेला, त्याला झावळ्यांची नक्षी, कणसं, फळं. गुढीची आठवण येणारच.

जेवण

शाकाहारी माणसाची बालीत उपासमार होत नाही, पण विचारून खावं लागतं. टेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, आणि टोफू सगळीकडे. गाडो-गाडो म्हणजे उकडलेल्या भाज्यांवर शेंगदाण्याची चटणी, सांगलीच्या माणसाला पहिल्या घासाला आवडते. उरापमध्ये भाज्यांना ओलं खोबरं. अडचण तेरासीची: ती आंबवलेल्या कोळंबीची चटणी, दिसत नाही पण बऱ्याच सांबालमध्ये, म्हणजे तिथल्या मिरचीच्या ठेच्यात, असते. पापडासारख्या क्रुपुकमध्येही बऱ्याचदा कोळंबी असते.

'तानपा' म्हणजे विना. तानपा डागिंग, मांस नको. तानपा इकान, मासे नको. तानपा तेलूर, अंडं नको. तानपा तेरासी. आणि आपल्याकडच्या जैन मंडळींसाठी: तानपा बावांग. बावांग मेरा म्हणजे कांदा, बावांग पुतीह म्हणजे लसूण, नुसतं बावांग म्हटलं की दोन्ही आले. मी हे कागदावर लिहून हॉटेलात पोचल्याबरोबर थेट स्वयंपाक्याच्या हातात देते. वेटरला तोंडी सांगितलेलं वाटेत हरवतं.

हळदीचं तर सांगायलाच हवं. ज्या गावच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्या गावचे आपण. बालीत वाटणाला 'बासे गेनेप' म्हणतात, त्यात ओली हळद हवीच. आणि सकाळी जामू: ओली हळद, चिंच आणि गूळ यांचं पेय. माझ्या यजमानांचं अर्धं आयुष्य मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यांत गेलं. त्यांनी जामूचा पेला नाकाशी धरला आणि म्हणाले, "ओली आहे, वास कोवळा आहे." मग दोन पेले प्यायले. चांगल्या छोट्या हॉटेलात जामू घरीच करतात. बाटलीतली देत असतील तर सोडा.

कोपी लुवाक मात्र घेऊ नका. उदमांजराच्या विष्ठेतल्या बियांची ती महाग कॉफी. पर्यटकांच्या वाटेवर ती जनावरं पिंजऱ्यात कोंडून ठेवलेली असतात.

शेत आणि पाणी

बालीच्या भातशेतीला पाणी देणारी सुबाक पद्धत २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आली. पायऱ्यापायऱ्यांची शेतं सगळे बघतात. पाणी कसं वाटतात ते आपल्याकडच्या माणसाने बघावं. पाटात आडवा ओंडका असतो, त्याला खाचा कोरलेल्या. ज्याचा वाटा जेवढा तेवढी खाच रुंद. त्याला तेम्बुकू म्हणतात. सुबाकचा प्रमुख पेकासेह, म्हणजे आपला पाटकरी, पण शेतकऱ्यांनी निवडलेला. पेरणी कधी, रान कधी मोकळं ठेवायचं हे सगळे मिळून ठरवतात, आणि पाण्याची देवळं त्याच्या केंद्रस्थानी. १९७० च्या दशकात सरकारी आग्रहाने सतत पीक घ्यायला लागले तेव्हा किडीने धुमाकूळ घातला. मग जुन्या पाळीकडे परतावं लागलं.

रात्री दोनला पाण्याची पाळी आली तरी कंदील घेऊन मळ्यात जाणारी माणसं आपण. आमच्या गटातले कवठेमहांकाळचे एक शेतकरी त्या ओंडक्याशी अर्धा तास बसून होते. दुसऱ्या दिवशी जातिलुविहची पायऱ्यांची शेतं बघायला निघालो तेव्हा म्हणाले, मला इथेच सोडा.

म्हणून शेजारच्या शेताबद्दल विचारा म्हणते. नवे बंगले पाटाच्या वाटेवर उठतात आणि खालच्या शेतांचं पाणी तुटतं. शेतकऱ्याशी करार करून शेत पिकतं ठेवणारी हॉटेलं आहेत. आपले पैसे तिकडे जावेत. बांधावरून चालताना एकामागे एक चाला आणि पाटातली माती पायाने पाडू नका.

देऊळ, कपडे, बोलणं

देवळात कमरेला कामेन हे वस्त्र आणि त्यावर सेलेंडांग हा पट्टा लागतो. आमच्या साडीतल्या बायकांना नुसता पट्टा बांधायला दिला. पाळी चालू असलेल्या बायकांनी आत येऊ नये अशी पाटी बहुतेक देवळांबाहेर असते. पटो न पटो, त्यांच्या घरात त्यांचा नियम, मी निघण्याआधीच सगळ्यांना सांगते. तिर्ता एम्पुल या झऱ्याच्या देवळातल्या कुंडात स्नान करायचं तर सकाळी आठच्या आत पोचा. तिथल्या काही धारा अंत्यविधीसाठी राखलेल्या आहेत, त्यांखाली उभं राहायचं नाही. पुढच्या माणसाकडे बघून करा.

भेटताना 'ओम स्वस्त्यस्तु' म्हणा आणि आभाराला 'सुक्स्मा'. इंडोनेशियाच्या भाषेचं नावच बहासा इंडोनेशिया, बहासा म्हणजे भाषा. गाव 'देसा', डोकं 'केपाला', चेहरा 'मुका', बायको 'इस्त्री', नवरा 'सुआमी'. आमच्यातल्या बायका दुसऱ्या दिवसापासून आपल्या नवऱ्यांना सुआमी म्हणत होत्या. पहिल्या मुलाचं नाव वायान, दुसऱ्याचं मादे, तिसऱ्याचं न्योमान, चौथ्याचं केतुत. त्यामुळे एकाच हॉटेलात तीन वायान भेटतात.

सिदेमेनला जाताना मी पर्समध्ये इरकली खणाचे चार-पाच तुकडे ठेवते. मागावर बसलेल्या बाईला पहिल्यांदा दिला तेव्हा तिने आधी तो उलटा केला, मागची बाजू बघितली, काठाची गाठ नखाने तपासली, मग हसली. आणि स्वतःचं एंडेकचं, म्हणजे तिथल्या हातमागाचं कापड उलटं करून माझ्या हातात दिलं. आम्हाला दोघींना एकमेकींचा एक शब्द येत नव्हता.

किरकोळ पण लागणारं

आगमनावर मिळणारा व्हिसा पाच लाख रुपिया, तीस दिवसांचा. शिवाय फेब्रुवारी २०२४ पासून पर्यटक कर दीड लाख रुपिया. दोन्ही ऑनलाइन भरता येतात. शून्यांना घाबरू नका: शेवटची तीन शून्यं काढा आणि साधारण सव्वापाचाने गुणा, रुपये आले. पासपोर्ट सहा महिने शिल्लक हवा. घड्याळ अडीच तास पुढे. आपल्याला बंगळुरूही सोयीचं पडतं, तिथून थेट विमान आहे. फिरायला दिवसाच्या बोलीवर ड्रायव्हरसह गाडी घ्या आणि तोच ड्रायव्हर शेवटपर्यंत ठेवा. त्याच्या गावचा ओदालान कधी, हे त्याला पहिल्याच दिवशी विचारा.

तासगावच्या जोडप्याने माझ्यासमोरच तीन हॉटेलांना प्रश्न पाठवले. टोपलीवाल्या हॉटेलने रंगीत दरपत्रक पाठवलं. दुसऱ्याचं उत्तर आलंच नाही. सिदेमेनच्या हॉटेलातून रात्री नऊला निरोप आला: तुम्ही याल त्याच्या तिसऱ्या दिवशी मालकाच्या भाचीचं लग्न आहे, नाश्ता उशिरा मिळेल, चालेल का? मुलीने मला फोन केला. "काकू, लग्नाला आहेर काय न्यायचा?"